समोर जाणारी रिक्षा

लाल हौद चौकात याह्याभाई शेख यांचं हूड आणि सीट शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे आणि स्पंजचे तुकडे. रिक्षा दारात येऊन उभी राहते, याह्याभाई तिचं फाटकं हूड उतरवतात, नवं चढवतात, मग सीटवर स्वतः बसून बघतात. डोळे मिटून बसतात. जरा डावीकडं सरकतात, जरा उजवीकडं, आणि बऱ्याचदा उठून सीट पुन्हा उसवायला घेतात.

रिक्षावाल्यांना याचा वैताग यायचा. "अहो याह्याभाई, पब्लिक बसणार हाय, तुमी नाय," ते म्हणायचे.

"म्हणून तर बसून बघतो," याह्याभाई म्हणायचे.

शेअर रिक्षा सुधारली पाहिजे हे खूळ त्यांच्या डोक्यात असं सीटवरूनच शिरलं. कडेला बसणाऱ्या बाईला धरायला काही नसतं, म्हणून त्यांनी दांडीला पट्ट्याची मूठ शिवली. पावसाचं पाणी आत येतं म्हणून गुंडाळता येईल असा पडदा लावला. एकदा तर सीटवर तीन खोबण्या पाडल्या, म्हणजे प्रत्येकाला आपली जागा कळेल आणि धक्काबुक्की होणार नाही. पण माणसं खोबणीच्या मापाची निघाली नाहीत. एका खोबणीत न मावणारी बाई उंचवट्यावर बसली आणि हर्सूलपर्यंत सगळ्यांना शिव्या देत गेली. ती सीट याह्याभाईंनी गुपचूप काढून टाकली, पण खूळ काही गेलं नाही.

आता आमच्या चौकाची रचना सांगायला हवी. हर्सूलकडून येणारा रस्ता इथं मोठ्या रस्त्याला मिळतो आणि स्टेशनकडं जाणारा रस्ता बरोबर त्याच्या समोरून निघतो. मध्ये मोठ्या रस्त्याचा दुभाजक आहे, कमरेएवढा, सिमेंटचा. त्यामुळं हर्सूलहून स्टेशनला जाणारी रिक्षा सरळ जाऊ शकत नाही. ती डावीकडं वळते, पाण्याच्या टाकीपाशी दुभाजक संपतो तिथून उलटी फिरते आणि मागं येऊन स्टेशनच्या रस्त्याला लागते. वर्षानुवर्षं रिक्षा अशाच जायच्या. कुणी तक्रार केली नव्हती.

मग शहराचं नाव बदललं. आणि नेमका त्याच सुमारास रिक्षा युनियनचा बोर्ड गंजून खाली पडला.

नवा बोर्ड करायचा म्हटल्यावर पेंटरनं साधा प्रश्न विचारला, "शहराचं नाव काय टाकू?" हा प्रश्न त्यानं चहाच्या हॉटेलात, सगळ्यांच्या देखत विचारला ही त्याची चूक. संध्याकाळपर्यंत युनियन फुटली. नव्या नावाची युनियन तात्यासाहेबांनी काढली, ती हर्सूलच्या अंगाला. जुन्या नावाची नवाबभाईंनी काढली, ती स्टेशनच्या अंगाला. तात्यासाहेब आणि नवाबभाई यांनी एकाच वर्षी परमिट घेतलं होतं आणि एकमेकांच्या लेकींच्या लग्नात पंगती वाढल्या होत्या. पण बोर्ड दोन झाले ते झालेच.

कोण कुठं गेलं, यातही काही फार मोठा विचार नव्हता. अल्तमशची रिक्षा त्या दिवशी हर्सूलच्या अंगाला बंद पडली होती, म्हणून तो तात्यासाहेबांच्या युनियनमध्ये राहिला. कडुबाला स्टेशनच्या अंगाचा चहा आवडायचा, म्हणून तो नवाबभाईंकडं गेला. पुढं दोघांनाही आपापल्या बोर्डाखाली उभं राहून दुसऱ्या बाजूकडं डोळे वटारून बघावं लागायचं. अल्तमश आणि कडुबा एकमेकांकडं बघून वटारायचे, म्हणजे निदान ओळखीच्या माणसाकडं बघितल्यासारखं व्हायचं.

ठराव असा झाला की हर्सूलची रिक्षा लाल हौदाच्या अलीकडं थांबेल आणि स्टेशनची पलीकडून सुटेल. मधल्या वळशाचं काय, हे कुणाच्याच ठरावात नव्हतं. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायचा तो तुकडा कुणाचाच राहिला नाही. पब्लिकनं अलीकडं उतरायचं, मोठा रस्ता ओलांडायचा, दुभाजकावर चढायचं, पलीकडं उतरायचं, उरलेला रस्ता ओलांडायचा आणि दुसऱ्या रिक्षात बसायचं.

तरणी पोरं उडी मारून जायची. बाकीच्यांचे हाल होते.

याह्याभाईंचं दुकान हर्सूलच्या अंगाला, अगदी वळणावर. मशीन चालवता चालवता त्यांना सगळं दिसायचं. एके दिवशी फुलंब्रीच्या मनकर्णाबाई तिथं येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि स्टेशनकडच्या डॉक्टरकडं तपासणीला जायचं होतं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. ट्रक गेला की एक पाऊल पुढं टाकायच्या, टेम्पो आला की मागं घ्यायच्या. याह्याभाईंचं एक हूड शिवून झालं तरी त्या तिथंच होत्या.

ते उठून गेले. "मावशी, कुठं जायचंय?"

"समोर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पण हे समोर लई लांब हाय बाबा."

याह्याभाईंनी त्यांचा हात धरला, रस्ता ओलांडला, दुभाजकावर आपला रुमाल टाकून त्यांना बसवलं, पाय पलीकडं वळवले आणि पलीकडं नेऊन सोडलं. परत येतात तर दोन बायका वाट बघत उभ्या. त्यांना पोचवलं तर एक आजोबा. त्या दिवशी याह्याभाईंनी एकही टाका घातला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हूड उतरवलेल्या रिक्षा दारात उघड्याबोडक्या उभ्या राहिल्या आणि मालक बोंब मारू लागले.

तिसऱ्या दिवशी जी बाई त्यांच्या हाताला लागली, तिनं त्यांना शहाणं केलं. तिचं नाव रत्नमाला खरात. ती डब्याची मेस चालवायची आणि दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन रोज स्टेशनकडच्या ऑफिसांत जायची. दुभाजकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "याह्याभाई, तुमच्या दुकानामागं ती खटारा रिक्षा उभी हाय, ती कुणाची?"

"माझीच. रेक्झिन आणायला ठेवली आहे."

"मग माणसं हातानं का वाहताय?"

याह्याभाईंनी याचा विचारच केला नव्हता. खरं तर त्यांना रिक्षा चालवायची धास्ती होती. लायसन आणि बॅज होता, पण उजवीकडं वळायचं म्हटलं की त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा. घरी त्यांनी खुशनुमाला, म्हणजे बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. "उलटा ही तो फिरना है," ती म्हणाली. "एक ही मोड़ है. रोज वही मोड़ लेंगे तो आदत हो जाएगी."

अशी याह्याभाईंची शेअर रिक्षा सुरू झाली. हर्सूलच्या अंगावरून निघायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालायची आणि समोरच्या अंगाला येऊन थांबायची. तिथून उतारू घेऊन पुढच्या वळणानं परत. जिथून निघालो त्याच्या बरोबर समोर येऊन उतरायचं, एवढाच तिचा रूट. भाड्याचं विचारलं की ते म्हणायचे, सुट्टे असतील ते द्या.

पहिली अडचण आली ती हुडाच्या रंगाची. रिक्षाचं हूड फाटलेलं होतं आणि हूड शिवणाऱ्याचं हूड फाटकं असणं बरं दिसत नव्हतं. काळं रेक्झिन दोन्ही युनियननी घेतलं होतं, फक्त एकीनं भगवी किनार लावली होती आणि दुसरीनं हिरवी. निळं लावावं तर रत्नमाला म्हणाली, "नगं. आमचे म्हणतील आपली हाय आणि बाकीचे म्हणतील त्यांची हाय. बसायला कुणीच यायचं नाय." पिवळ्याचं आणि लालचंही असंच काही ना काही निघालं. शेवटी एका सोफ्याच्या कामातून उरलेलं तपकिरी रेक्झिन सापडलं. त्या रंगाची अजून कुणी पार्टी काढली नव्हती. हूडही तपकिरी, सीटही तपकिरी आणि आत चांगला जाड स्पंज. लोक तिला सोफा म्हणू लागले.

दुसरी अडचण ओरडायची. शेअर रिक्षावाला ठिकाणाचं नाव घेऊन ओरडतो, "स्टेशन स्टेशन स्टेशन" नाहीतर "हर्सूल हर्सूल". याह्याभाई ठिकाण काय सांगणार? त्यांनी दोन दिवस नुसतीच रिक्षा उभी केली. तिसऱ्या दिवशी घसा साफ केला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "समोर. समोर. समोर."

रस्त्यावरचा एक अनोळखी माणूस दचकून समोर बघायला लागला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, येऊन बसला.

आठवडाभरात वाहतुकीचे हवालदार पुंजाराम यांनी शिट्टी वाजवून सोफा थांबवला. पुंजाराम मनानं सरळ आणि नियमाचे पक्के.

"कुठून आलात?"

"तिथून," याह्याभाईंनी रस्त्यापलीकडं बोट केलं.

"कुठं चाललात?"

"इथं. पोचलो पण."

पुंजाराम यांनी पलीकडं बघितलं, अलीकडं बघितलं. "म्हंजी तुमी निघाले तिथंच आले."

"नाही साहेब, समोर आलो."

"पर हे लोक चालत आले असते तर लवकर आले असते."

"व्हय," मागं बसलेली रत्नमाला म्हणाली, "पर आले नसते."

पुंजाराम बराच वेळ उन्हात उभे राहून विचार करत होते. याह्याभाईंचे कागद चोख होते. बेकायदा काही नव्हतं, आणि तरीही काहीतरी बरोबर नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "टाकीपर्यंत मला सोडता का? डबा घरी राहिलाय." तेव्हापासून पुंजाराम सोफ्याचे नेमानं उतारू झाले.

एक नियम मात्र रत्नमालानं घातला आणि तो पाळायलाही तिनंच लावला. सोफ्यात शहराचं नाव घ्यायचं नाही. ना जुनं, ना नवं. "शहर" म्हणायचं. ज्याच्या तोंडून नाव निघेल त्यानं उतरायचं, मग रिक्षा कुठंही असो. सुरुवातीला लोक हसले. मग एक गृहस्थ फोनवर कुरिअरवाल्याला पत्ता सांगत होते आणि सांगता सांगता नाव घेऊन बसले. रत्नमाला म्हणाली, "भाऊ, उतरा." गृहस्थ म्हणाले, अहो पत्ता सांगतोय. ती म्हणाली, "पत्ता उतरून सांगा." याह्याभाईंनी टाकीपाशी रिक्षा उभी केली आणि गृहस्थ फोनवर बोलत बोलत खाली उतरले. ते कुठल्या नावाचे होते हे मला ठाऊक आहे, पण इथं सांगत नाही.

याचा परिणाम कुणाला अपेक्षित नव्हता तसा झाला. नावाचा विषय गेल्यावर लोकांना बोलायला बाकीचं सगळं मोकळं झालं. कुणाची सून, कुणाचा मूळव्याध, चितेगावच्या कंपनीत भरती आहे का, नळाला पाणी कधी आलं. पाण्याच्या टाकीचा वळसा संपायचा आणि बोलणं अर्धं राहायचं, म्हणून माणसं खाली उतरेनात. "आणखी एक चक्कर मारा याह्याभाई," म्हणायची. ज्यांना पलीकडं काही काम नव्हतं तीही बसू लागली. एक पेन्शनर सकाळी यायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी जायचे, मधला सगळा वेळ ते समोर जात असायचे. मनकर्णाबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली, डॉक्टरनं आता येऊ नका म्हणून सांगितलं, तरी त्या फुलंब्रीहून येतच राहिल्या.

सोफ्यासाठी रांग लागू लागली. लाल हौदाच्या इतिहासात रांग कधी लागलेली नव्हती.

आता दोन्ही युनियनला याह्याभाई दिसू लागले. आधी तात्यासाहेब दुकानात आले. स्टुलावर बसले, मिशीवरून हात फिरवला. "याह्या, खरं सांग. तू त्यांचा माणूस हायेस का?"

"नाही, तात्यासाहेब."

"मग आमचा व्हय."

"तुमचाही नाही. मी समोरचा."

तात्यासाहेबांनी याचा अर्थ काढायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. त्याच दुपारी नवाबभाई आले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, "याह्या, तू उनका आदमी हो गया क्या?" आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. नवाबभाई जाताना म्हणाले, "तेरी सीट नरम है, इसीच वास्ते पब्लिक हमकू गाल्याँ देरी. बोल्ते, सोफे के बाद तुम्हारी सीट पत्थर लगती."

ते खरं होतं. सोफ्यातून उतरून युनियनच्या रिक्षात बसलेला माणूस कण्हायचा. आणि रांग वाढत वाढत दोन्ही स्टँडच्या तोंडाशी येऊन पोचली होती, त्यामुळं युनियनच्या रिक्षांना बाहेर पडायला जागा राहत नव्हती. तात्यासाहेब एकटे काही करू शकत नव्हते आणि नवाबभाईही नाहीत, कारण याह्याभाईंची रिक्षा अर्धा वेळ एकाच्या हद्दीत असायची आणि अर्धा वेळ दुसऱ्याच्या. बंदोबस्त करायचा तर दोघांनी मिळूनच.

बैठक ठरली. जागा ठरवायला फार वेळ गेला नाही, चहाचं हॉटेल एकच होतं आणि ते स्टेशनच्या अंगाला होतं. तात्यासाहेबांची माणसं हर्सूलच्या अंगाला जमली. मग सगळे रस्त्याच्या कडेला येऊन थबकले. तात्यासाहेबांचे गुडघे दुखायचे, दुभाजक चढणं त्यांना शक्य नव्हतं. आणि स्वतःच्या रिक्षा घेऊन पलीकडं जायचं म्हणजे आपलाच ठराव मोडायचा.

याह्याभाई सोफा घेऊन रांगेच्या तोंडाशी उभे होते. "समोर. समोर," ते सवयीनं म्हणाले.

तात्यासाहेब आत बसले. त्यांच्या मागं खजिनदार आणि चिटणीस. टाकीपाशी नवाबभाई उभे होते. ते शेंगदाणे आणायला गेले होते आणि आता परत निघाले होते. त्यांनी हात केला, याह्याभाईंनी रिक्षा थांबवली आणि मग नवाबभाईंना आत कोण बसलंय ते दिसलं. पण थांबवलेली रिक्षा सोडून देणं त्यांना स्वतः रिक्षावाले असल्यामुळं जमलं नाही. खजिनदार पुढं सरकला. नवाबभाई तात्यासाहेबांच्या शेजारी बसले.

"कशाची बैठक आहे?" याह्याभाईंनी आरशात बघून विचारलं.

"तुझीच," तात्यासाहेब म्हणाले. "तुझी रिक्षा बंद करायची हाय."

"बरं. नीट बसा, वळण आलं."

वळणावर नवाबभाईंनी मूठ धरली, आणि तात्यासाहेबांनी नवाबभाईंना धरलं. मग तात्यासाहेब म्हणाले, "थोरलीला दिवस गेलेत म्हनं तुमच्या."

"हौ. सातवा चल रहा. आपकू कौन बोल्या?"

"बायकू म्हनली."

"लड़की बोल्ती, गोदभराई में तात्याचाचा कू बुलाना पड़ता. मैं बोल्या, देखेंगे."

पुढचं बोलणं याह्याभाईंना ऐकू आलं नाही, कारण मागून एक टँकर हॉर्न देत होता. रिक्षा हॉटेलाशी थांबली तरी दोघं बसूनच होते. खजिनदारानं दोनदा खाकरल्यावर उतरले.

बैठकीत खूप कडक भाषणं झाली. याह्याभाई बाहेर रिक्षात बसून होते, कारण परतीचे उतारू तेच होते. ठराव एकमतानं झाला. समोर जाणारी रिक्षा ही दोन्ही संघटनांच्या पोटावर पाय आहे. ती बंद पाडायची, आणि त्यासाठी उद्यापासून हर्सूलची रिक्षा लाल हौदाला न थांबता वळसा घालून थेट स्टेशनला जाईल, स्टेशनची थेट हर्सूलला. म्हणजे समोर जायला कुणी उतारूच उरणार नाही. लढ्यासाठी दोन्ही संघटनांची मिळून एक कृती समिती झाली. तिच्या कापडी बॅनरवर कुठल्या शहराचं नाव घालायचं हा प्रश्न पेंटरनं या वेळी विचारला नाही. "लाल हौद शेअर रिक्षा कृती समिती" एवढंच लिहून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्सूलहून पहिली रिक्षा आली आणि न थांबता वळली. आतली माणसं थांबायच्या बेतानं पिशव्या आवरत होती, ती तशीच पिशव्या छातीशी धरून स्टेशनपर्यंत गेली. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. रस्त्याच्या कडेला कुणी उभं राहिलं नाही. दुभाजकावर कुणी चढलं नाही. रत्नमाला थेट रिक्षातून जाताना डब्यांची पिशवी वर करून याह्याभाईंना काहीतरी म्हणाली, ते वाऱ्यात गेलं.

संध्याकाळी कृती समिती घोषणा देत दुकानावर आली. याह्याभाई मशीनवरून उठले.

"रिक्षा बंद करा," तात्यासाहेब म्हणाले.

"केली," याह्याभाई म्हणाले. "लई बेस झालं. मला हुडं शिवायची पडलीत."

घोषणा देणारे एकमेकांकडं बघू लागले. त्यांनी पंधरवडाभर पुरेल एवढी तयारी केली होती. बॅनर होतं, हलगीवाला सांगितला होता. सगळे थोडा वेळ उभे राहिले आणि मग पांगले. याह्याभाईंनी तपकिरी रिक्षा दुकानामागं लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. त्या रात्री खुशनुमाला ते म्हणाले की काम झालं, आणि मग बराच वेळ पंख्याकडं बघत पडून राहिले. "गला बैठ गया क्या?" तिनं विचारलं. ते म्हणाले, नाही. पण दिवसभरात एकदाही "समोर" म्हणालो नाही, त्यामुळं घशात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय.

चार-पाच दिवस बरे गेले. मग तात्यासाहेब दुकानात आले. आजूबाजूला बघून त्यांनी स्टूल आत ओढलं.

"याह्या, जरा विरोध कर की."

"कशाला?"

"आमच्यात पुन्हा धुसफूस सुरू झालीय. लढा संपला ना. कृती समितीला काही कामच नाय. काल चिटणीस म्हनला, आता बॅनरवर शहराचं नाव टाकू. तू थोडी थोडी रिक्षा चालव, आमी थोडा थोडा मोर्चा काढतो."

याह्याभाई काही बोलायच्या आत मागच्या दारातून नवाबभाई आत आले. तात्यासाहेबांना बघून क्षणभर थांबले, मग पोत्यावर बसले. "तुम बी इसीच वास्ते आए?" त्यांनी विचारलं. तात्यासाहेबांनी मान हलवली.

याह्याभाईंनी विचार केला. शेअर रिक्षा सुधारायची तर मूठ, पडदा, स्पंज असं काहीतरी लावावं लागतं हे त्यांना माहीत होतं. मुठीसारखं स्वतःलाच तिला लावावं लागेल असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "दोन अटी. तुमच्या सगळ्या रिक्षांना मी जाड स्पंज घालणार. आणि कडेच्या बाईला मूठ." दोघांनी लगेच कबूल केलं.

तेव्हापासून रोज दुपार कलून असरची नमाज झाली की याह्याभाई तपकिरी रिक्षा कोपऱ्यावर आणून उभी करतात आणि "समोर, समोर" म्हणतात. बसायला सहसा कुणी नसतं. जाणारा प्रत्येक रिक्षावाला, हर्सूलचा असो की स्टेशनचा, हॉर्न वाजवून "बंद करा, बंद करा" म्हणतो. कडुबा आणि अल्तमश तर वेग कमी करून नीट घोषणा देतात. मग याह्याभाई रिक्षा मागं लावून कामाला बसतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. कोपरा रिकामा पडला. पहिल्या दोन दिवसांत कुणाला काही वाटलं नाही. मग रांगेतल्या नंबरावरून एक बाचाबाची झाली, एका रिक्षावाल्यानं दुसऱ्याला "तुम्ही लोक" म्हटलं, आणि पेंटरला कुणीतरी बोलावून घेतलं. पेंटर हुशार, तो गंगापूरला बहिणीकडं निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दोन्ही अध्यक्ष शहाळी घेऊन याह्याभाईंच्या घरी हजर. याह्याभाई खाटेवर, डोळे खोल गेलेले. नवाबभाईंनी शहाळं सोललं, तात्यासाहेबांनी उशी सरकवली.

"भाभी, कधी उठतील?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"डॉक्टर बोल्ता, आराम," खुशनुमा म्हणाली. "तुमकू इनकी इतनी फिकर कब से हुई?"

"भाभी," नवाबभाई म्हणाले, "ऐसा दुश्मन फिर नईं मिलता."

खुशनुमानं दोघांकडं बघितलं. मग आत जाऊन नवऱ्याची टोपी आणि मफलर घेऊन आली. "पाव घंटा," ती म्हणाली. "गाडी चलाना नईं. सिर्फ बैठना."

दोघांनी याह्याभाईंना दोन बाजूंनी धरून कोपऱ्यावर आणलं. कुणीतरी ताडपत्री काढून सोफा बाहेर ढकलत आणला. याह्याभाईंना मागच्या सीटवर बसवलं, कारण पुढं बसायचं त्राण नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत ते स्वतः त्या सीटवर उतारूसारखे बसले नव्हते. ते सवयीनं डोळे मिटून जरा डावीकडं सरकले, जरा उजवीकडं.

"समोर," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की रस्त्यापर्यंत पोचला नाही. म्हणून तात्यासाहेबांनी तेच मोठ्यानं सांगितलं, आणि नवाबभाईंनी त्यांच्याहून मोठ्यानं.

हर्सूलकडून रिक्षांची रांग येत होती. पहिल्या रिक्षावाल्यानं त्यांना बघितलं आणि हॉर्नवर हात ठेवला. "बंद करा," तो ओरडला. मागचाही ओरडला. त्याच्या मागचाही. रिक्षांतल्या उतारूंनीही बाहेर डोकं काढून साथ दिली. टाकीच्या वळणापर्यंत तो आवाज जात राहिला.

याह्याभाई डोळे मिटून ऐकत होते. "स्पंज डावीकडं बसलाय," ते थोड्या वेळानं म्हणाले. "बरा झालो की उसवतो."